दीड हात जागा

१

त्या तुरुंगात सगळे त्यांना मामा म्हणत. कैदी म्हणत, बरोबरचे शिपाई म्हणत, मुलाखतीला येणाऱ्या बायकाही जाळीपलीकडून मामाच म्हणत. एकतीस वर्षं एकाच फाटकातून आत-बाहेर केल्यावर माणसाचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरतं. मामांना त्याचं वाईट वाटत नसे. एवढे भाचे असलेला माणूस जगात मी एकटाच, असं ते घरी गमतीनं म्हणत.

पंधरा दिवसांची रजा संपवून ते कामावर आले, तो सोमवार होता. बाराला दुपारची बंदी. जेवणं उरकली की कैद्यांना बराकीत घालायचं, मोजायचं, कुलपं लावायची आणि तीन वाजता पुन्हा उघडायची. कागदावर प्रत्येक बराकीला तीन शिपाई होते. प्रत्यक्षात एक, दोन आणि तीन नंबर मिळून मामा एकटेच. काही जागा चार-चार वर्षं भरलेल्या नव्हत्या, उरलेले शिपाई कोर्टात आणि दवाखान्यात कैद्यांबरोबर गेलेले असत. पांघरूण आखूड, डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात, तसा कारभार.

तिन्ही बराकी एका लांब बोळात होत्या. बोळाच्या तोंडाशी एक आणि दोन नंबर, तिथंच पंख्याखाली मामांची लोखंडी खुर्ची. पुढं एक लाकडी दार, आणि त्या दारापलीकडे शेवटाला तीन नंबर. ती मुळात कोठीची खोली होती. गर्दी वाढली तेव्हा खिडकीला गज लावून तिची बराक केली, पण मधलं दार काढायचं कोणाला सुचलं नाही.

तीन नंबर चाळीस माणसांसाठी होती. त्या सोमवारी तिच्यात एकशे बत्तीस होती. मुंगीला शिरायचं तर तिनंही आधी वशिला लावावा, अशी अवस्था. माणसं दोन पाळ्यांत झोपत. एक पाळी आडवी, दुसरी भिंतीला टेकून उभी किंवा गुडघे छातीशी घेऊन बसलेली. आडवे झालेले सगळे एकाच कुशीवर, चमचे रचावेत तसे. कूस बदलायची तर बराकीचा मुकादम हाक देई आणि अख्खी ओळ एकदम वळे.

मामांनी मोजून घेतले. एकशे बत्तीस. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि जाताजाता गजांतून सहज नजर टाकली. तेव्हा त्यांना ती जागा दिसली.

मागच्या भिंतीशी, खिडकीखाली, उघडी फरशी होती. दीड हात रुंद आणि माणसाच्या लांबीची. तिच्यावर टॉवेल नव्हता, चप्पल नव्हती, कोणाचा पाय नव्हता. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या अंगात घुसल्यासारखी पडली होती, पण त्या फरशीवर एकाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

काहीतरी सांडलं असेल, मामा स्वतःशी म्हणाले. मग खुर्चीवर येऊन बसले. पण एकशे बत्तीस माणसं, आणि रिकामी जागा? तीन वाजेपर्यंत त्यांच्या डोक्यात तेच चाललं होतं.

२

रजा कशासाठी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तीन नंबरमध्ये एक शिंपी वारला होता. चाळिशीचा, किडकिडीत. घरमालकाशी झालेल्या बाचाबाचीत पकडलेला, आणि जामीन राहायला कोणी नाही म्हणून पाच महिने आत पडलेला. त्याला दमा होता. कंपाउंडर आठवड्यातून दोनदा येई. शिंप्याचा पंप संपला तो नेमका मधल्या दिवशी. दुपारच्या बंदीत त्याला धाप लागली. एकशे एकतीस माणसं ओरडली, त्यांनी जेवणाची ताटं गजांवर आपटली. कोणी आलं नाही. तीन वाजता मामांनी दार उघडलं तेव्हा सगळे भिंतींना लागून उभे होते आणि मधोमध शिंपी एकटा पडला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला हातपाय पसरायला जागा मिळाली होती.

चौकशी झाली. मामांनी जबाब दिला: मी त्या वेळी एक नंबरपाशी होतो, तिथं दोघांची भांडणं लागली होती, तीन नंबरचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. पहाऱ्याच्या वहीत तीन नंबरपुढंही त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, बारा ते तीन, शांतता. चौकशीला आलेल्या साहेबांनी बोळ पाहिला, खुर्ची पाहिली, एक शिपाई आणि तीन बराकी हा हिशोब पाहिला आणि लिहिलं, मनुष्यबळाची कमतरता. दोष कोणाचाच नव्हता. म्हणजे असा होता की कोणा एकाच्या अंगाला चिकटत नव्हता.

जेलर एक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावून चहा दिला. "मामा, पंधरा दिवस घरी बसा. तुमची चूक नाही. एकटा माणूस कुठं कुठं पुरणार?"

मामा मान खाली घालून चहा प्यायले.

जबाबात एक गोष्ट सांगायची राहिली होती. राहिली नव्हती, त्यांनी ती मुद्दाम मागे ठेवली होती.

३

मंगळवारी सकाळी बराक झाडायला रिकामी झाली तेव्हा मामा आत गेले. खिडकीखाली वाकून फरशीवर तळहात टेकवला. कोरडी होती. ना ओल, ना मुंग्या, ना घाण. वर छताकडे पाहिलं. गळायलाही काही नव्हतं.

तीन नंबरचा मुकादम एक जुना शाळामास्तर होता. कसल्याशा खोट्या दाखल्यांच्या प्रकरणात आत आलेला. बोलणं अजूनही वर्गात असल्यासारखं, सावकाश आणि स्वच्छ. कोण कुठं झोपणार याचा नकाशा त्यानं वहीच्या कागदावर आखून ठेवला होता. मामांनी त्याला बाजूला घेतलं.

"मास्तर, खिडकीखाली जागा का सोडलीय?"

"सोडलेली नाही, मामा."

"काल डोळ्यांनी बघितली मी."

मास्तरनं कागद उघडून दाखवला. बारीक चौकोन, प्रत्येकात नाव. मामांनी बोट फिरवत मोजलं. खिडकीखालच्या रांगेत एक चौकोन कोरा होता.

"हा कोणाचा?"

"शिंप्याचा," मास्तर कागद मिटत म्हणाला. "पहिले दोन दिवस आम्हीच सोडली होती. माणूस गेल्यावर त्याच्या जागी लगेच कोण पडणार? मग तिसऱ्या दिवशी म्हटलं, पुरे झालं, गर्दी बघा. पण तिथं कोणाला झोपता येईना."

"का?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही."

मामांनी ती नेहमीची भानगड म्हणून सोडून दिली. तुरुंगात भुताच्या गोष्टी ढेकणांसारख्या असतात, एकाच्या अंथरुणातून दुसऱ्याच्या अंथरुणात जातात. पण त्या दुपारी बंदीनंतर त्यांनी पुन्हा गजांतून पाहिलं, आणि खिडकीखाली माणसं दाटीवाटीनं झोपलेली होती. फरशी दिसत नव्हती. मामांना बरं वाटलं. मग त्यांना दिसलं की उघडी जागा तशीच आहे, फक्त ती आता खिडकीखाली नाही. अलीकडे आलीय. दारापासून फरशा मोजल्या तर सातव्या फरशीवर.

तीन वाजता त्यांनी मास्तरला हाक मारली. "हे काय चाललंय? रोज जागा बदलता? माझी थट्टा करताय काय?"

"आम्ही नाही बदलत," मास्तर म्हणाला. "झोपतो तेव्हा नकाशाप्रमाणेच झोपतो. उठतो तेव्हा आम्ही सरकलेलो असतो."

तो मामांच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, बोळाकडे बघत होता. मागे उभे असलेले इतरही तिकडेच बघत होते. कोणाच्या नजरेत राग नव्हता. मामांना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

"चौकशीच्या वेळी तुमच्यापैकी कोणाला काही विचारलं होतं का?" मामांनी हळूच विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाला. "एवढ्या लोकांना कोण विचारत बसणार?"

४

बुधवारी नवे कैदी आले. त्यांतले पाच तीन नंबरच्या वाट्याला आले. त्यात एक ट्रकचा ड्रायव्हर होता. दारातून तिरका होऊन शिरणारा, मोठ्या आवाजाचा. आत शिरताच त्यानं ती रिकामी जागा पाहिली आणि हसला. "अरे वा, आमच्यासाठी राखून ठेवली होती वाटतं."

जागा तेव्हा पाचव्या फरशीवर होती.

मामा गजांबाहेर उभे होते. त्यांना खरं म्हणजे ड्रायव्हरला थांबवावंसं वाटलं. पण थांबवायचं तर काय सांगून? ते म्हणाले, "हो आडवा. जागा आहे तर वाया कशाला घालवायची?"

ड्रायव्हर आडवा झाला. हात डोक्याखाली घेतला, पाय लांब केले. मामा खुर्चीकडे परतले. आपण एका माणसाला अंदाज घ्यायला पाण्यात ढकललं, हे त्यांना चालताना कळत होतं.

तीन वाजता दार उघडलं तेव्हा ड्रायव्हर भिंतीशी उभा होता. दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवलेले, खांदे आत ओढलेले, अरुंद फटीतून जाणारा माणूस उभा राहतो तसा. आजूबाजूला मोकळीक झाली, माणसं बाहेर पडली, तरी तो तसाच.

"काय रे? झोपला नाहीस?"

"नाही."

"जागा होती की."

"बाहेरून दिसते तशी," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "आत गेलं की नसते. छाती फुगवायलासुद्धा नसते, साहेब. चारी बाजूंनी दाबतात."

"कोण दाबतं?"

ड्रायव्हरनं विचार केला. खोटं बोलायचं नसलेला माणूस करतो तसा. "कोणी नाही," तो म्हणाला. "माझ्या आसपास वीतभर कोणीच नव्हतं. तेच तर."

५

घरी मामांची बायको होती, आणि लेक. लेक सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या वॉर्डातही खाटांवर दोन-दोन आणि खाटांखाली एक-एक असा प्रकार. त्यामुळे बापलेकीला एकमेकांचं काम समजावून सांगावं लागत नसे.

त्या संध्याकाळी शेजारीण आली होती. बोलता बोलता तिनं विषय काढलाच. तुरुंगात कोणी मेला म्हणे, पेपरात होतं.

बायको लगेच म्हणाली, "यांचं काय चुकलं त्यात? आभाळ फाटलंय तिथं एका माणसानं ठिगळ कुठं लावायचं?"

"आणि बाबांना ऐकूच आलं नव्हतं," लेक म्हणाली. ती पाठमोरी उभी राहून दुसऱ्या दिवसाचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. "ऐकू आलं असतं तर बाबा गेले नसते असं होईल का? मी लहान असताना रात्री नुसती खोकले तरी उठून बसायचे."

शेजारणीनं मान डोलावली. मामा उठले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. तोंड धुवायचं होतं, पण आरशात बघावं लागेल म्हणून ते नळाकडे बघत राहिले. पाणी बादलीबाहेर वाहायला लागलं तेव्हा बायकोनं बाहेरून हाक मारली.

६

गुरुवारी सकाळी शिंप्याची बहीण आली. त्याचं सामान न्यायला. मुलाखतीच्या खोलीत मॅडमनी मामांनाच पाठवलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. सामान म्हणजे एक शर्ट, एक चादर, चष्मा आणि बहिणीचीच चार पत्रं. मामांनी ते जाळीच्या खालच्या फटीतून सरकवलं आणि सही करायची जागा दाखवली.

ती शिंप्यासारखीच किडकिडीत होती. सही करून झाल्यावरही ती उठली नाही.

"तुम्हीच का मामा?"

"हो."

"तुमच्याबद्दल लिहायचा तो. इथं एक मामा आहेत, आरडाओरडा करत नाहीत, असं." तिनं चष्मा पदरानं पुसला. "तुमची पँट कमरेला ढिली करून दिली म्हणे त्यानं."

"दिली होती," मामा म्हणाले. तीच पँट त्यांच्या अंगात होती.

"मला एवढंच विचारायचंय. शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का?"

मामांनी तोंड उघडलं. त्यांच्या मनात खरं उत्तर होतं आणि ते फार लांबलचक नव्हतं. एका वाक्यात सांगून झालं असतं.

"होतो की आम्ही," ते म्हणाले. "सगळे होतो."

बहिणीनं हात जोडले. "मग ठीक आहे. एकटा गेला नाही तो. तुमचे उपकार झाले."

ती गेल्यावर मामा बराच वेळ जाळीपाशी बसून राहिले. हात जोडलेले त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. एका खुनी माणसानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलेलंही पाहिलं होतं. पण आपल्यापुढं जोडलेले हात झटकून खाली पाडावेत असं त्यांना पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

बारा वाजायला आले होते. बंदीची वेळ झाली होती.

७

मोजणी झाली. एकशे सदतीस. जागा आता दुसऱ्या फरशीवर होती, म्हणजे दाराला जवळजवळ लागून. आत पडलेल्या माणसाचं तोंड थेट गजांशी यावं, अशी.

मामांनी कुलूप लावलं, खुर्चीवर जाऊन बसले. आणि त्यांच्या ध्यानात आलं की तीन नंबरमधून आवाज येत नाही.

बराकीला स्वतःचा एक आवाज असतो. खोकला, कुजबुज, शिव्या, घोरणं, कोणाचं तरी गुणगुणणं. कोठीच्या खोलीत एवढी माणसं कोंबली की तो आवाज गिरणीसारखा चालू राहतो. आज गिरणी बंद होती. एक आणि दोन नंबरचा आवाज येत होता. तीन नंबरचा नाही. रजेवरून आल्यापासून मामा मधलं लाकडी दार कधी मिटू देत नसत. वाळूची बादली लावून ते सताड उघडं ठेवलेलं असे. म्हणजे आवाज अडायला काही नव्हतं.

मग एक बारीक आवाज आला. फुटक्या शिट्टीसारखा. आत जाताना लांब, बाहेर येताना तुटक.

दम्याचे आणखीही दोघेतिघे असतील, मामांनी स्वतःला समजावलं. असतीलच. उद्या कंपाउंडर येईल. हे सगळं समजावत असताना ते उठलेले होते आणि चालत होते.

गजांपाशी आले. आतली माणसं भिंतींना चिकटून उभी होती, एकावर एक रचल्यासारखी. सगळ्यांचे डोळे मामांवर. शिट्टी थांबली होती.

मामांनी किल्ली काढली.

"मामा," मास्तर आतून म्हणाला, "बंदीत उघडायला तीन शिपाई लागतात."

"आहेत कुठं तीन?"

ते आत शिरले, दार ओढून घेतलं, गजांतून हात बाहेर काढून कुलूप परत लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या बाईचे जोडलेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि त्यापेक्षा फरशी बरी वाटत होती. टोपी काढून त्यांनी मास्तरच्या हातात दिली आणि त्या जागेवर आडवे झाले. गजांकडे तोंड करून, एका कुशीवर.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. फरशी गार होती. मामांना आपलंच हसू आलं. साठीला आलेला माणूस, युनिफॉर्ममध्ये, कैद्यांसमोर जमिनीवर लोळतोय. मग त्यांनी श्वास घेतला आणि तो पुरा घेता आला नाही.

पाठीला पाठ लागली होती. गुडघ्यांच्या मागे गुडघे. मानेवर कोणाचा तरी गरम उच्छ्वास. मामांनी डोळे तिरके करून मागे पाहिलं. हातभर अंतरापर्यंत कोणी नव्हतं. तरी त्यांचा वरचा खांदा हनुवटीपर्यंत दाबला गेला होता आणि बरगड्या मिटलेल्या छत्रीसारख्या आवळल्या होत्या. अर्धा श्वास. मग त्याच्याही अर्धा. आणि तो बारीक शिट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला, अगदी जवळ. तो आपल्याच घशातून येतोय हे कळायला त्यांना वेळ लागला.

मागे ताटं वाजायला लागली. गजांवर, भिंतींवर, फरशीवर. शिंप्याच्या प्रकरणानंतर मॅडमच्या हुकमानं ताटं बंदीच्या आधीच काढून घेतली जात, बराकीत एकही ताट नव्हतं. पण ती वाजत होती आणि माणसं ओरडत होती, एकच हाक, पुन्हा पुन्हा.

जमिनीला गाल टेकलेला असताना मामांना बोळ दिसत होता. लांबच लांब, उन्हाच्या पट्ट्यांचा. उघडं लाकडी दार. त्यापलीकडे पंखा, आणि पंख्याखाली खुर्ची.

खुर्चीवर माणूस बसला होता.

आधी त्याचे बूट दिसले. मग मांडीवर ठेवलेला हात. तो रुमालानं मान पुसत होता. एवढा गोंगाट चालला होता आणि तो मान पुसत होता. मामांनी हाक मारायला तोंड उघडलं. दुसरी कुठली हाक त्यांना सुचली नाही.

"मामा."

त्या माणसानं वर पाहिलं. त्याला ऐकू आलं होतं. त्यात शंका नव्हती, मामांना ते कोणाहीपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. तो डाव्या गुडघ्यावर हात टेकून उठला, गेली कित्येक वर्षं उठत होता तसा. बोळातून चालत आला. येतोय, मामांना वाटलं. येतोय. तो लाकडी दारापाशी थांबला. उजेड त्याच्या पाठीमागे होता म्हणून चेहरा पुरता दिसला नाही. दिसला त्यात राग नव्हता, दुष्टपणाही नव्हता. दुपारी ऊन तोंडावर येतं म्हणून खिडकी लावायला उठलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

बादली त्यानं पायानं बाजूला सरकवली. दार हळूच लोटलं, आवाज होऊ नये अशा बेतानं, आणि कडी घातली.

८

तीन वाजून दहा मिनिटं झाली तरी बराकी उघडल्या नाहीत, म्हणून मॅडम स्वतः आल्या. बरोबर फाटकावरचा एक शिपाई. फाटकावर तेवढा वेळ कोणीच नव्हतं. खुर्ची रिकामी होती, पंखा चालू होता, आणि मधल्या दाराला अलीकडून कडी होती.

कडी काढल्यावर आवाज अंगावर आला. तीन नंबरची माणसं गजांवर तळहात आपटत होती. ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले होते. दोन तास ओरडत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. दाराशी, त्यांच्या पायांशी, मामा पडलेले होते. ओठ निळे, डोळे उघडे. श्वास चालू होता.

मास्तरनं मामांच्या खिशातली किल्ली काढून गजांतून बाहेर दिली.

"किल्ली तुमच्याजवळ होती, तर उघडलं का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"उघडलं असतं तर पळायला उघडलं असं झालं असतं," मास्तर म्हणाला. त्याच्या हातात मामांची टोपी तशीच होती.

मामांना बोळात भिंतीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं. हळूहळू ओठांचा रंग परतला. मॅडम त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. बराकीत सगळे शांत उभे होते, ऐकत.

"मामा, हे मधलं दार कोणी लावलं?"

"मी," मामा म्हणाले.

"तुम्ही कुलपाच्या आत होतात."

"मीच लावलं, मॅडम. शिंप्याला धाप लागली होती. सगळे ओरडत होते. मला खुर्चीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. उघडायचं तर माणसं नव्हती, आणि ऐकवतही नव्हतं. म्हणून उठलो आणि दार लावलं. सव्वा तास लागला त्याला. मग शांत झालं तेव्हा मला बरं वाटलं." ते थांबले, दम घेतला. "हे जबाबात नाही. लिहून घ्या."

चौकशीच्या कागदावर मॅडमचीही सही होती. त्यांनी एकदा तीन नंबरकडे पाहिलं. त्या एवढ्या डोळ्यांत नवीन काही कळल्याचं चिन्ह नव्हतं. सगळ्यांनी ते तेव्हाच गजांतून पाहिलं होतं.

मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "ते त्या दिवसाचं झालं. आज कोणी लावलं?"

मामांनी बोळाच्या टोकाकडे पाहिलं. फाटकावरचा शिपाई खुर्चीपाशी उभा होता. थकलेला दिसत होता, पण का कोण जाणे, बसत नव्हता.

"आजही मीच," मामा म्हणाले.

मॅडमनी वही गुडघ्यावर घेतली, पेन उघडलं आणि खाली मान घालून लिहायला लागल्या.